आपली खिल्लार आणि गुजरातची कांकरेज

पोळा आला की सुरतेतल्या आपल्या घरांत मातीच्या बैलांची पूजा होते. गोठा गावी राहिला, त्यामुळे आपल्या मुलांना बैल माहीत आहे तो एवढाच. म्हणून खऱ्या बैलाविषयी थोडे.

युरोपात शायर, पर्शेरॉन असे दणकट घोडे नांगर आणि मालगाड्या ओढत. आपल्याकडे ते काम बैलाचे, आणि वजनदार ओढीच्या भारतीय जातींत कांकरेजचे नाव फार वर घेतात. बनासकांठा जिल्ह्यातील कांकरेज तालुक्यावरून हे नाव पडले. वढियार म्हणूनही ही जात ओळखतात. रंग रुपेरी करड्यापासून लोखंडी काळ्यापर्यंत, कपाळ रुंद, कान मोठे लोंबते, शिंगे जाड आणि वीणेच्या आकाराची. शिंगांच्या बुडाशी कातडी बरीच वरपर्यंत चढलेली असते, ही पक्की खूण. वासराच्या डोक्यावर जन्मतः तांबूस झाक असते, ती काही महिन्यांत जाते.

याची चाल प्रसिद्ध आहे. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्याही पुढे पडतो, म्हणून तिला 'सवाई चाल' म्हणतात. मान उंच, अंग हलत नाही, गाडी मात्र झपाझप चालते. स्वभाव तापट, अनोळखी माणसाने जपूनच जवळ जावे.

आपली खिल्लार याहून सडपातळ. सांगली, सोलापूर, साताऱ्याच्या माणदेशातली ही जात चपळ आणि काटक, पण दूध बेताचे. शर्यतीला ती, जड ओझ्याला कांकरेज, असे माझे मत. शिवाय कांकरेज गाय एका वेतात सरासरी १७०० किलोच्या आसपास दूध देते. ही बाब हिशोबात मोठी. शाखेत कर्जाचे अर्ज पाहताना बैलजोडीचे अर्ज घटत आणि ट्रॅक्टरचे वाढत गेलेले मी पाहिले. बैलाचे काम गेले की फक्त ओढीची जात कोण सांभाळणार? कांकरेजला निदान दुधाचा आधार आहे. खिल्लारला मुख्यतः शर्यतीचा, आणि त्याही २०१४ च्या बंदीनंतर अनेक वर्षे थांबल्या होत्या.

गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात ही जात ब्राझीलला गेली आणि तिथे 'गुझेरा' नावाने नांदते आहे. अमेरिकेच्या ब्राह्मण जातीतही तिचे रक्त आहे.

अंबाजीला जाणाऱ्यांनी पालनपूरहून थोडी वाट वाकडी करून दांतीवाडा गाठावे. तिथल्या कृषी विद्यापीठात कांकरेजचा कळप जोपासला आहे. नातवंडांना सोबत न्यावे.