प्रवाळाला दिवा कोणता?

परदेशी स्थायिक झालेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने परवा विचारले, “सर, सहा फूट लांब, दोन फूट खोल काचेच्या टाकीत प्रवाळ पाळतो आहे. सर्वांत झगझगीत दिवा घेऊ ना?” वाचकहो, चूक होते ती इथेच! दिवा आपल्या डोळ्यांसाठी नव्हे, प्रवाळासाठी घ्यायचा.

प्रवाळ हा प्राणी खरा. पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवले राहतात. ती उजेडावर अन्न तयार करतात आणि त्यातले बरेचसे यजमानाला देतात. म्हणजे उजेड ही त्याची भाकरीच म्हणा ना!

समुद्रात तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच विरतो, निळा खोल जातो. प्रवाळाला सवय निळ्याची; म्हणून दिव्यात निळा भाग भरपूर हवा. मेटल हॅलाइडचा दिवा तळापर्यंत पोचतो, पण पाणी तापवतो. नळीदिवे उजेड सारखा पसरतात, पण खोलवर कमी पडतात. एलईडी पाणी फारसे तापवीत नाही, कमीजास्त करता येतो. मात्र एकट्याने सावल्या पडतात. तेव्हा दर दोन फुटांना एक, असे तीन लावावेत.

घाई मात्र नको. एकदम पूर्ण उजेड सोडला, तर प्रवाळ शैवले बाहेर टाकतो, पांढराफटक पडतो आणि उपाशी मरतो. निम्म्याहून कमी उजेडाने आरंभ करून तीन-चार आठवड्यांत तो वाढवावा.

आपल्याकडे समुद्रातून पाषाणप्रवाळ काढणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा मालवणचे प्रवाळ मालवणच्या उन्हातच पाहावेत.