मीटरचा आकडा सांगणारा अदृश्य प्रकाश

शहरातील इमारतीत जिन्याखाली वीस-तीस वीजमीटर एका रांगेत असतात. रीडिंग घेणाऱ्याचे काम तेथे पाच-दहा मिनिटांत संपते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या डोंगराळ भागात मात्र वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली. एका मीटरपासून दुसऱ्यापर्यंत पायवाट तुडवावी लागते, आणि पावसाळ्यात ओढा आडवा आला की फेरी चुकते. रीडिंग मिळाले नाही तर सरासरीने बिल निघते आणि पुढे फरकाची रक्कम एकदम अंगावर येते. रीडिंग मिळाले तरी ते डोळ्यांनी वाचून हाताने टिपलेले! 1287 ऐवजी 1827 लिहिले गेले, तर 540 युनिटांचा भार एका झोपडीवर पडतो.

वीज मंडळाच्या विभाजनानंतर जून 2005 मध्ये महावितरण कंपनी अस्तित्वात आली. पुढे बिलावर मीटरचे छायाचित्र छापले जाऊ लागले. ग्राहकाच्या हाती त्यामुळे पुरावा आला; पण छायाचित्रातील आकडा वाचून नोंदवणारा माणूसच होता. हा दुवा गाळण्यासाठी राज्यात 'आयआर' म्हणजे इन्फ्रारेड मीटर आले.

इन्फ्रारेड म्हणजे अवरक्त किरण. विल्यम हर्शेल यांनी 1800 मध्ये शोधलेला हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. मात्र टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले, तर बऱ्याचदा त्याच्या टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. मीटरमध्येही असाच छोटा दिवा असतो आणि शेजारी प्रकाश ओळखणारा घटक. रीडिंग घेणाऱ्याच्या हातातील यंत्रात हीच जोडी असते. यंत्राने विचारायचे, मीटरने उत्तर द्यायचे. मीटरच्या ऑप्टिकल पोर्टसाठी ठरलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत दिवा चमकला की शून्य आणि अंधार म्हणजे एक! संभाषण सेकंदाला अवघ्या 300 बिटांच्या संथ गतीने सुरू होते आणि दोन्ही यंत्रांचे जुळले की वेग वाढतो. आकड्याबरोबर मीटरचा क्रमांक आणि पडताळणीची खूणही येते, त्यामुळे वाटेत बिघडलेली नोंद यंत्र स्वीकारत नाही. काही मीटरांना यंत्र चुंबकाने चिकटवावे लागते, काहींना थोड्या अंतरावरून रोखले तरी पुरते. उन्हातही अवरक्त किरण असतात. ओसरीवरच्या उघड्या मीटरला म्हणूनच चिकटणारे यंत्र अधिक भरवशाचे.

संगणकाच्या जगात हे तंत्र एकेकाळी फार मिरवले. 1993 मध्ये कंपन्यांनी 'इर्डा' ही संघटना स्थापन केली आणि लॅपटॉप, पाम, नोकियाचे फोन एकमेकांना पत्ते आणि क्रमांक देऊ लागले. वेग प्रथम सेकंदाला 1,15,200 बिटांपर्यंत, नंतर 40 लाख. अंतर मात्र सुमारे एक मीटर आणि दोन्ही उपकरणे समोरासमोर हवीत. खिशातल्या खिशात काम करणारे ब्लूटूथ आल्यावर ही कसरत कोण करणार? फोनवरची ती काळी खिडकी नाहीशी झाली.

वीजमीटरच्या बाबतीत मात्र हाच दोष गुण ठरतो. किरण भिंत ओलांडत नाहीत, त्यामुळे शेजारच्या मीटरचे रीडिंग चुकून येत नाही. शिवाय यंत्र घेऊन माणसाला मीटरपाशी जावेच लागते. घरी बसून आकडे भरण्याची सोय राहत नाही. अर्थात, ओढा आडवा आला तर इन्फ्रारेडचाही उपाय नाही. पायपीट वाचवायची तर रेडिओ लहरी हव्यात. 'आरएफ' मीटर त्यासाठीच आले आणि अलीकडचे स्मार्ट मीटर तर मोबाइलच्या जाळ्यावरून नोंद पाठवतात. पण डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर फोनला रेंज मिळत नसेल, तर तेथील मीटरला तरी ती कोठून मिळणार? भारतीय मानकांनुसार तयार होणाऱ्या स्मार्ट मीटरवर म्हणूनच ऑप्टिकल पोर्ट कायम आहे. जाळे तुटले की रीडिंग घेणाऱ्याला पायवाटेने जाऊन तेथेच यंत्र लावता येते.