भांडं आतून घासा

पितळेचा लोटा बाहेरून चिंचेनं घासून लखलखीत केला, अन् आत कालचं ताक आंबलेलं असलं, तर त्यात दूध टिकेल का? प्रभू येशूने परूश्यांना हेच समजावलं, की भांडं आधी आतून स्वच्छ करा.

याचा दाखला फार दूरचा नाही. आपल्या पारशिवनीहून नागपूर किती लांब? तिथे राहिलेले कवी नारायण वामन टिळक. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई मात्र सोवळ्यातच राहिल्या. काही वर्षांनी नवऱ्याकडे परतल्या, तरी स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग त्यांनी स्वतःच्या मनाला विचारलं, जात देवानं केली की माणसानं? उत्तर मिळालं, तसं कुणाच्याही हातचं अन्नपाणी घ्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

क्रम ध्यानात घ्या. आधी मन पालटलं, मग बाप्तिस्म्याचं पाणी. आपलं उलटं होते. बाप्तिस्मा होऊन वर्षं लोटली, रविवारची उपासना चुकत नाही, पण शेतातल्या मजुराचा पेला अजून कोनाड्यात वेगळा ठेवलेला असते! प्रभूचा शिष्य म्हणवता ना? मग तो पेला आजच घरच्या पेल्यांत ठेवा, अन् त्याच पेल्यानं आपणही पाणी प्या.