क्षमता, परवानगी आणि विनंती (मराठी भाषकांसाठी इंग्रजी अध्यापन)

क्षमता, परवानगी आणि विनंती व्यक्त करणे हा नवशिक्यांना इंग्रजी शिकवताना अगदी आरंभी येणारा घटक आहे. इंग्रजीत या तिन्ही गोष्टी प्रामुख्याने 'कॅन', 'कुड', 'मे' आणि 'वुड' या साहाय्यक क्रियापदांनी सांगितल्या जातात. शालेय व्याकरणात ही क्रियापदे 'मोडल ऑक्झिलरी' म्हणून ओळखली जातात. मराठीत याच अर्थांसाठी वेगवेगळ्या क्रियापद-रचना आहेत, आणि आदर हा सर्वनाम व क्रियापदाचा प्रत्यय यांतून दाखवला जातो. त्यामुळे मराठी भाषक विद्यार्थ्याची अडचण शब्द पाठ नसण्याची क्वचितच असते. आपण मराठीत जिथे नम्रता ठेवतो ती जागा इंग्रजीत रिकामी आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही. मुंबईच्या गिरगाव, दादर, परळ व लालबाग या भागांतील मराठी शाळा आणि रात्रशाळा यांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष स्पष्ट दिसतो.

पार्श्वभूमी

मुंबईत इंग्रजी शिकण्याची परंपरा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेले 'दर्पण' हे पत्र इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत निघत असे. मराठी घरांत इंग्रजी शिकण्याचे दीर्घकाळ मान्य असलेले साधन म्हणजे तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला'. मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजी वाक्याचे मराठी करत जाणे ही तिची पद्धत. वाक्यरचनेची शिस्त लावण्यासाठी ती उपयुक्त होती व आजही आहे. मात्र वाक्य कोण कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणत आहे हे भाषांतराच्या अभ्यासात सहसा सांगितलेले नसते, आणि विनंतीच्या बाबतीत नेमके तेच निर्णायक असते.

गिरणगावात शिक्षणाचा मार्ग वेगळा होता. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालवली. दिवसा काम आणि रात्री शाळा ही पद्धत परळ-लालबागच्या चाळींत पुढे कित्येक पिढ्या टिकली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संपानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर कार्यालये, मॉल व उंच इमारती उभ्या राहिल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारातील मॉल हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. साच्यावर काम करणाऱ्या वडिलांना कामाच्या जागी इंग्रजीची गरज पडत नव्हती. त्याच परिसरात सुरक्षारक्षक, कुरिअर, दुकानातील विक्रेता किंवा कार्यालयातील शिपाई म्हणून नोकरी धरणाऱ्या मुलाला मात्र दिवसातून अनेकदा इंग्रजीत काही मागावे लागते, विचारावे लागते किंवा नाकारावे लागते.

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाऊ लागले. त्याआधी बहुसंख्य विद्यार्थ्यांची इंग्रजीशी ओळख पाचवीत होत असे. त्यामुळे रात्रशाळेत उशिरा परतणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याची आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या तरुणाची इंग्रजीची पायाभरणी वेगवेगळ्या अभ्यासक्रमांत झालेली असू शकते. मुंबईतील रात्रशाळांसोबत २००८ पासून 'मासूम' ही संस्था काम करते.

मराठी रचना आणि इंग्रजी रचना

क्षमता सांगण्यासाठी मराठीत किमान तीन मार्ग आहेत. 'मला पोहता येते' यात शिकून मिळवलेले कौशल्य आहे. 'मी उद्या येऊ शकतो' यात परिस्थितीने दिलेली मोकळीक आहे. 'मला आता चालवत नाही' यात शरीराची शक्ती आहे. मराठी व्याकरणात अशा रूपांना शक्य क्रियापद म्हणतात. इंग्रजी या तिन्हींसाठी 'कॅन' वापरते. एवढ्यावरून इंग्रजी सोपी वाटते, पण पहिल्या व तिसऱ्या मराठी वाक्यात ज्याची क्षमता सांगायची ती व्यक्ती 'मला' अशी चतुर्थीत आहे. विद्यार्थी 'मला'चे 'मी' करायला विसरतो आणि 'मी कॅन स्विम' असे, म्हणजे इंग्रजी 'मी' हा कर्माचा शब्द घेऊन, वाक्य तयार करतो. हे उच्चारसाम्य मराठी वर्गातच अडचण करते, कारण मराठीत 'मी' हाच कर्ता असतो. दुसरी नेहमीची चूक 'येणे' या क्रियापदाची. 'मला इंग्रजी येते' यात दुसरे क्रियापद नाही, त्यामुळे 'आय कॅन इंग्लिश' असे वाक्य होते. 'कॅन'नंतर 'स्पीक', 'कुक', 'ड्राइव्ह' असे काहीतरी यावेच लागते, ही गोष्ट स्वतंत्रपणे सांगावी लागते.

परवानगीच्या बाबतीत मराठीची मुख्य रचना '-ऊ का?' ही आहे: 'मी आत येऊ का?' पण हीच रचना देऊ केलेल्या मदतीसाठीही वापरली जाते: 'चहा आणू का?' इंग्रजीत पहिल्यासाठी 'कॅन आय' किंवा 'मे आय', तर दुसऱ्यासाठी साधारणतः 'शॅल आय' येते. म्हणजे एका बाजूला इंग्रजीचा एक शब्द मराठीत अनेक रचनांत विभागला जातो, तर दुसऱ्या बाजूला मराठीची एक रचना इंग्रजीत दोन शब्दांत. 'क्षमता म्हणजे कॅन, परवानगी म्हणजे मे' असे फळ्यावर लिहिलेले समीकरण म्हणूनच फार काळ उपयोगी पडत नाही. शाळांत 'मे'चा आग्रह धरला जातो, पण रोजच्या बोलण्यात परवानगीसाठी 'कॅन आय' पूर्णपणे रूढ आहे. 'मे' अधिक औपचारिक आहे, इतकेच.

परवानगी नाकारताना मात्र दोन भाषा अनपेक्षितपणे जवळ येतात. परळच्या इमारतीच्या फाटकावरील रक्षक 'इथे गाडी लावू नका' असे क्वचित म्हणतो. तो म्हणतो, 'साहेब, इथे गाडी लावता येणार नाही.' मनाई आहे, पण ती अशक्यतेच्या भाषेत सांगितली आहे, त्यामुळे समोरच्याचा अपमान होत नाही. इंग्रजीतील 'सॉरी सर, यू कान्ट पार्क हिअर' हे वाक्य नेमके असेच बांधलेले आहे. अनेक पाठ्यपुस्तके परवानगी मागण्यापासून सुरुवात करतात. मराठी विद्यार्थ्यांसाठी नकारापासून आरंभ करणे अधिक स्वाभाविक ठरू शकते, कारण त्याचा अर्थ आणि त्यातील सभ्यता या दोन्ही त्याला आधीच येतात. (उलट दिशेने, 'आपण खालील क्रमांकावर संपर्क करू शकता' यासारखी परवानगीदर्शक वाक्ये मराठी सूचनांत रूढ झाली आहेत. 'संपर्क करावा' असे साधे विध्यर्थी रूप असताना त्यांची गरज होती का, हा वेगळा प्रश्न.)

विनंती

तिन्हींपैकी विनंती हा सर्वांत अवघड भाग आहे. मराठीत एकच मागणी 'पाणी दे', 'पाणी द्या', 'जरा पाणी देता का?', 'पाणी द्याल का?' अशा पायऱ्यांनी चढत जाते. 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांतील निवड, क्रियापदाचे अनेकवचन, 'जरा', 'तेवढं' असे लहान शब्द आणि 'काका', 'ताई', 'मावशी' अशी नात्याची हाक यांवर ही शिडी उभी असते. इंग्रजीत 'यू' एकच आहे, आज्ञार्थाला आदरार्थी रूप नाही आणि अनोळखी माणसाला नात्याने हाक मारत नाहीत. या सर्वांचे काम 'कॅन यू', 'कुड यू', 'वुड यू' ही साहाय्यक क्रियापदे करतात.

शब्दशः भाषांतर इथे जास्तीत जास्त नुकसान करते. 'जरा पाणी देता का?' याचे शब्दशः इंग्रजी 'डू यू गिव्ह वॉटर?' होते आणि ऐकणाऱ्याला ती चौकशी वाटते. 'दार उघडशील का?' यात भविष्यकाळ मऊपणा आणतो, म्हणून विद्यार्थी 'विल यू ओपन द डोअर?' म्हणतो, इंग्रजीत त्याचा सूर अनेकदा हुकूम वा वैताग असा ऐकू येतो. 'द्या' या आदरार्थी आज्ञार्थाचे 'गिव्ह' होते आणि आदर वाटेतच गळून पडतो. चूक लक्षात आल्यावर विद्यार्थी 'प्लीज' जोडतो. पण 'प्लीज गिव्ह मी द फॉर्म' हे वाक्य तरीही आज्ञाच राहते. बोलणारा मनाने नम्र असतो, ऐकणाऱ्याला तो उद्धट वाटतो, आणि याची कल्पना दोघांपैकी कोणालाच नसते. व्याकरणाची चूक ऐकणारा परकेपणाच्या खात्यावर टाकतो. सूर चुकला तर तो स्वभावाच्या खात्यावर टाकतो. मुलाखतीत किंवा ग्राहकासमोर याची किंमत अधिक पडते.

'कुड' हे 'कॅन'चे भूतकाळी रूप असूनही 'कुड यू'मध्ये भूतकाळ नसतो. काळाचे अंतर येथे सामाजिक अंतर होते. मराठीत याला जवळचा दाखला आहे. 'मला एक विचारायचं होतं' असे म्हणणारा माणूस कालची गोष्ट सांगत नसतो, तो आत्ताच विचारणार असतो. हे एक वाक्य फळ्यावर लिहिले की नियमाची बरीचशी व्याख्या टाळता येते. उत्तर देताना मात्र 'कुड' परत येत नाही: 'कुड आय लीव्ह अर्ली टुडे?' याला होकार 'येस, यू कॅन' असा दिला जातो. 'येस, यू कुड' असा नाही.

वर्गातील अध्यापन

युरोपच्या परिषदेसाठी यान व्हान एक यांनी १९७५ मध्ये तयार केलेला 'थ्रेशोल्ड लेव्हल' आणि डेव्हिड विल्किन्स यांचे १९७६ चे 'नोशनल सिलॅबसेस' यांनंतर अभ्यासक्रम व्याकरणाच्या क्रमाऐवजी भाषिक कार्यांच्या क्रमाने आखण्याची पद्धत रुजली. 'मोडल ऑक्झिलरी' या पाठाच्या जागी 'परवानगी मागणे' हा पाठ आला. पुढे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय भाषा-आराखड्यातील पातळ्यांची वर्णनेही विद्यार्थी काय करू शकतो, म्हणजे 'कॅन डू', याच स्वरूपात लिहिलेली आहेत.

नवशिक्यांच्या वर्गात प्रथम क्षमता घेतली जाते, कारण तिथे खरी माहिती विचारता येते. एकमेकांना 'कॅन यू ड्राइव्ह?', 'कॅन यू टाइप?', 'कॅन यू कुक?' असे विचारून उत्तरांचा तक्ता भरणे हा रूढ सराव आहे. रात्रशाळेत तो विशेष रंगतो, कारण त्या वर्गात वाहन चालवणारे, शिवणारे, वायरिंग करणारे विद्यार्थी खरोखर बसलेले असतात आणि एरवी इंग्रजीच्या तासाला गप्प राहणाऱ्याकडे सांगण्यासारखे काहीतरी असते. याच टप्प्यावर 'ही कॅन्स' आणि 'कॅन टू गो' या दोन चुका दुरुस्त केल्या जातात: 'कॅन'ला 'एस' लागत नाही आणि त्यानंतर 'टू' येत नाही.

उच्चाराकडे दुर्लक्ष होते. होकारार्थी वाक्यात 'कॅन'वर जोर नसतो आणि तो 'कन' असा निसटता ऐकू येतो. नकारार्थी रूपावर जोर असतो. भारतीय व ब्रिटिश उच्चारात 'कान्ट'मधील दीर्घ स्वरामुळे फरक सहज कळतो. अमेरिकी उच्चारात मात्र ते 'कॅन्ट' असते आणि शेवटचा 'ट' जवळजवळ ऐकू येत नाही. विद्यार्थी स्वतः 'कॅन' ठासून म्हणत असेल, तर दूरध्वनीवरच्या अमेरिकी ग्राहकाला त्याचा होकार नकार वाटण्याचा धोका असतो.

परवानगी व विनंती प्रसंगातून शिकवल्या जातात. 'मे आय कम इन, टीचर?' हे वाक्य मराठी शाळेतील जवळपास प्रत्येक मुलाला पाठ असते, पण ते एकसंध मंत्रासारखे. त्यातले 'कम इन' काढून दुसरे क्रियापद बसवता येते हे त्याला माहीत नसते. अनुभवी शिक्षक याच वाक्याला हात घालतात आणि 'मे आय'च्या पुढे 'सिट हिअर', 'यूज युअर पेन', 'लीव्ह अर्ली' असे तुकडे जोडायला लावतात. त्यानंतर एकच मागणी तीन माणसांकडे करण्याचा सराव येतो: मित्राकडे पेन मागणे, बँकेतील कर्मचाऱ्याकडे अर्ज मागणे, वरिष्ठांकडे परीक्षेसाठी रजा मागणे. मित्राला 'कॅन यू' पुरते, कर्मचाऱ्याला 'कुड यू', आणि रजेसाठी 'कुड आय' किंवा 'मे आय' योग्य ठरते. प्रत्येक प्रसंगात विद्यार्थ्याने मराठीत 'तू' म्हटले असते, 'तुम्ही' की 'सर', हे आधी विचारून घेतले जाते.

सायंकाळी साडेसहाच्या सुमारास भरणाऱ्या रात्रशाळेत दिवसाच्या शाळेपेक्षा तासिकांचा वेळ कमी असतो आणि विद्यार्थी कामावरून थेट आलेले असतात. भूमिका वाटून संवाद करण्याला वेळ लागतो, आणि लेखी परीक्षेत गाळलेली जागा भरण्याला गुण असतात. म्हणून संवाद बहुधा आधी वगळला जातो. काही शिक्षक त्यावर उपाय म्हणून हजेरीच्या वेळीच उशिरा येणाऱ्या प्रत्येकाकडून इंग्रजीत परवानगी मागवून घेतात, दर आठवड्याला वेगळ्या शब्दांत.