लिथियम, मीठ आणि मे महिना

मनोरुग्णांच्या वॉर्डात सिस्टरचं काम काय असतं, असं कुणाला विचारलं तर बहुतेक लोक सांगतात, रुग्ण आवरेनासा झाला की धरायचं आणि इंजेक्शन द्यायचं. सिनेमानं आपल्याला तेवढंच दाखवलं आहे. खरं काम बघण्याचं असतं. रुग्ण जेवला किती, झोपला किती, चालतो कसा, गोळी गिळली की गालात धरून ठेवली. डॉक्टर दिवसातून थोडा वेळ येतात, आम्ही आठ-आठ तास तिथेच असतो. म्हणून आज मी आजारांची यादी सांगत बसणार नाही, एकाच औषधाबद्दल बोलणार आहे. कारण ते घरीही घेतलं जातं, वर्षानुवर्षं घेतलं जातं, आणि तिथे सिस्टरचं काम तुम्हालाच करायचं असतं.

औषधाचं नाव लिथियम. बायपोलर आजारात, म्हणजे कधी मन अतोनात उंच जातं आणि कधी तळाला, त्यात हे दिलं जातं. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांनी त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. इतकी नवी औषधं आली, पण याची जागा गेली नाही. आत्महत्येचा धोका कमी करणारं औषध म्हणूनही त्याला मान आहे. तेव्हा मी पुढे जे सांगणार आहे ते ऐकून कुणी घरी जाऊन गोळ्या बंद करू नका. अचानक बंद केलं तर आजार जोरात उलटतो.

आता गंमत बघा. लिथियम हा क्षारच आहे, आपल्या मिठातल्या सोडियमचा भाऊबंद. मूत्रपिंडाला या दोघांत फारसा फरक कळत नाही. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं, की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवायला लागतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. म्हणजे गोळ्या तेवढ्याच, पण रक्तातलं प्रमाण चढत जातं. उपयोगी प्रमाण साधारण ०.६ ते १.०, मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर. १.५ च्या वर गेलं की विषबाधेची भीती. किती कमी अंतर आहे बघा! रक्त तपासायचं तेही शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. सकाळी गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा खोटा मोठा येतो आणि उगाच घबराट होते. म्हणून तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर.

माझ्याच हातून झालेली चूक सांगते. मे महिना होता, बायकांचा वॉर्ड. एका बाईंना दोन दिवस जुलाब होत होते. मी हँडओव्हरमध्ये लिहिलं, जुलाब, ओआरएस दिलं. आणि चार्टवर होतं म्हणून लिथियमही दिलं. दोन्ही गोष्टी एकाच पानावर माझ्याच अक्षरात होत्या, पण मी त्या जोडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी झाडू मारणाऱ्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, ही बाई दारू प्यायल्यासारखी चालतीय बघा." तेव्हा माझं डोकं ताळ्यावर आलं. हात आधीही कापायचे, पण बारीक. ते लिथियमवर बऱ्याच जणांना होतं. आता कप धरता येत नव्हता, जीभ जड झाली होती. डॉक्टरांना बोलावलं, गोळी थांबवली, रक्त पाठवलं, सलाइन लावलं. बाई वाचल्या. पण मावशी बोलल्या नसत्या तर मी चौथ्या दिवशीही गोळी दिली असती.

तेव्हापासून नव्या मुलींना मी हेच सांगत आले. उलटी-जुलाब हे लिथियमच्या विषबाधेचं लक्षण असतं आणि तिचं कारणही असतं. दोन्हीकडून फास. चाल बिघडली, बोलणं जड झालं, हाताचा थरकाप मोठा झाला, सारखी झोप यायला लागली, तर आकड्याची वाट बघायची नाही. पुढची गोळी द्यायची नाही आणि लगेच दवाखाना गाठायचा. बरीच वर्षं औषध घेणाऱ्याला आकडा फार मोठा नसतानाही त्रास होऊ शकतो. म्हणून आधी माणूस बघायचा, मग कागद.

घरात फसगत कुठे होते? एक, गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅक. त्यांनी लिथियम चढतं. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं. दुसरं, रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या. डॉक्टर वेगळे असतात, एकाला दुसऱ्याची चिठ्ठी माहीत नसते. ती तुम्हीच दाखवायची. तिसरं, बीपी आहे म्हणून एकदम आळणी जेवण. मीठ कमी करायचं असेल तर सांगून करा, रातोरात नको. आणि एक गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन, हे तर अजिबात नाही. थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी साधारण सहा महिन्यांनी करायचीच.

एका ताईंची चिठ्ठी आली आहे. त्यांच्या आई गेली कित्येक वर्षं लिथियम घेतात आणि एकादशी निर्जळी करतात. ऐकत नाहीत, काय करू? ताई, आईंशी देवाधर्मावरून वाद घालू नका. त्यात तुम्ही हरणार. उपास मोडा असं न म्हणता पाणी घेऊन उपास करा म्हणा. लिंबू-मिठाचं सरबत, ताक, आणि फराळात नेहमीइतकं मीठ. आषाढीला पायी जाणार असतील तर आधी डॉक्टरांना भेटा, कारण घामातूनही मीठ जातं. आणि एकादशीच्या संध्याकाळी त्यांच्या हातात भरलेलं फुलपात्र द्या. ते हलतं कसं, ते बघा.