बापाचे कागद आणि मुलाची शाळा

बापाजवळ देशात राहण्याचे कागद नाहीत, म्हणून मुलाला शाळेचे दार बंद करता येते काय? अमेरिकेतील टेक्सास राज्यात हा प्रश्न न्यायालयापुढे आला. त्याची हकीकत आम्ही सांगणार आहोत.

टेक्सासमधील टायलर हे शहर गुलाबांसाठी प्रसिद्ध. तेथे राबायला मेक्सिकोतून माणसे येत, कित्येक बिनपरवाना. श्रम हवे होते तोवर कागद कोणी विचारले नाहीत. अशा माणसाला कामावर ठेवणे हा केंद्रीय कायद्याने १९८६ पर्यंत गुन्हाही नव्हता! मात्र १९७५ साली राज्याने कायदा केला की, देशात रीतसर न आलेल्या मुलांच्या शिक्षणाला सरकारी पैसा मिळणार नाही. १९७७ मध्ये टायलरच्या शाळामंडळाने अशा मुलांवर वर्षाला १,००० डॉलर फी बसवली. मजुराने ती आणावी कोठून?

चार कुटुंबे न्यायालयात गेली. जाणे म्हणजे आपण होऊन सरकारच्या हाती सापडणे. न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस (आडनावाचा अर्थच न्याय!) यांनी त्यांची नावे गुप्त ठेवू दिली आणि सुनावणी पहाटे सहाला घेतली. तरी मंडळी मोटारीत चंबूगबाळे भरूनच आली होती. तेथूनच हद्दपार केले, तर सामान बरोबर असावे म्हणून.

१५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. न्या. ब्रेनन यांनी बोट ठेवले ते एका शब्दावर. चौदावी घटनादुरुस्ती समान संरक्षण देते ते राज्याच्या हद्दीतील कोणत्याही 'व्यक्ती'ला. केवळ नागरिकाला नव्हे. लोक येतात ते रोजगारासाठी, फुकट शाळेसाठी क्वचितच, हेही त्यांनी नोंदवले. आम्हा कामगार चळवळीतल्यांना हे निकालपत्रातून शिकावे लागले नाही. विरुद्ध मताचे सरन्यायाधीश बर्गर यांनाही मुले अशिक्षित राहणे शहाणपणाचे वाटत नव्हते. धोरण ठरवणे न्यायालयाचे काम नव्हे, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप हलका नाही. परंतु कायदा रद्द व्हायला सात वर्षे लागली, आणि तेवढ्यात पहिलीच्या वयाचे मूल आठवीच्या वयाला येते.

आपल्या राज्यघटनेतही हा शब्दभेद आहे. कलम १५ नागरिकाविषयी बोलते, कलम १४ कोणत्याही व्यक्तीविषयी. २००२ च्या घटनादुरुस्तीने आलेले कलम २१-क सहा ते चौदा वर्षांच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देते. तेथे नागरिक हा शब्द नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळेच्या कारकुनाने मजुराला त्यासाठी परत पाठवले, तर त्या कायद्याचे कलम १४, पोटकलम २ त्याला दाखवावे.