फोनवरचा आवाज : २४४ बिटांची फ्रेम

मोबाइलवरून आवाज जसाच्या तसा पाठवला जात नाही. एएमआर या कोडेकमध्ये, म्हणजे आवाजाचे बिटांत रूपांतर करणाऱ्या पद्धतीत, तो २० मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये विभागला जातो आणि प्रत्येक फ्रेममधील १६० नमुन्यांऐवजी तो आवाज पुन्हा कसा घडवावा हे सांगणारी मापे, म्हणजेच पॅरामीटर, पाठवली जातात. सेकंदाला १२.२ किलोबिट या सर्वोच्च दरात एका फ्रेमला २४४ बिट मिळतात. त्यांपैकी ३८ बिट मुखपोकळीप्रमाणे ध्वनीला वळण देणाऱ्या गाळणीचे वर्णन करतात, ३० बिट स्वरतंतूंच्या कंपनाचा आवर्तनकाळ सांगतात, तर तब्बल १४० बिट कोणत्या क्षणी कोणते स्पंद द्यायचे यावर खर्ची पडतात. उरलेले ३६ बिट कंपन आणि स्पंद या दोन्ही स्रोतांची तीव्रता ठरवतात.

उदाहरणार्थ, ‘संगमनेर’ उच्चारताना सुरुवातीच्या ‘स’मध्ये स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यामुळे तेथे आवर्तनकाळाला फारसा अर्थ उरत नाही; शिवाय सेकंदाला ८,००० नमुनेच घेतल्याने ४,००० हर्ट्झच्या वरचा भाग गळतो, आणि ‘स’ची बरीचशी ऊर्जा नेमकी तेथेच असल्याने हा वर्ण फोनवर दुबळाच ऐकू येतो.

अकोले तालुक्यात कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगडाच्या कड्यांआड सिग्नल क्षीण झाला, की नेटवर्क बिटांचा दर सेकंदाला ४.७५ किलोबिटपर्यंत, म्हणजे फ्रेममागे ९५ बिटांपर्यंत, उतरवू शकते आणि वाचलेली जागा चुका दुरुस्त करणाऱ्या जादा बिटांना देते. तरीही फ्रेम बिघडलीच, तर ऐकणाऱ्याचा फोन आधीच्या फ्रेमची मापे पुन्हा वापरत आवाज हळूहळू कमी करत नेतो. एखादा स्वर मध्येच यंत्रवत लांबल्यासारखा वाटतो, तो बहुधा यामुळेच.